भिंतीला करंट कुठून आला?

जून महिन्यात पहिला दणकून पाऊस झाला की धाराशिव जिल्ह्यातल्या जुन्या घरांमध्ये दोन गोष्टी हमखास घडतात. माळवद गळायला लागतं म्हणून घरभर पातेली आणि बादल्या मांडल्या जातात, आणि गावातल्या वायरमनचा फोन वाजायला लागतो.

“अहो, आमची भिंत चावतीय बघा!”

“पंखा बंद पडलाय. पण टेस्टर लावला तर दोन्ही भोकांत पेटतोय. करंट डबल झाला का काय?”

“बटण बंद केलं तरी माजघरातला बल्ब रात्रभर मिणमिणतोय. पोरं तिकडं फिरकंनात.”

“मिक्सर लावला की सगळ्या घरातले बल्ब मंद होत्यात.”

मुलांनो, यातली एकही तक्रार खोटी नाही. आणि (माजघराकडे न फिरकणाऱ्यांनी नीट वाचा) यातल्या एकाही घरात भूत नाही. प्रत्येक घरातली वीज अगदी नियमानं वागते आहे. ती कुठल्या वाटेनं चालली आहे, एवढंच आपल्याला शोधायचं आहे.

आधी घर बघून घेऊ. परंड्याला, तुळजापूरला, तेरला किंवा धाराशिवच्या जुन्या गावठाणात तुमचं आजोळ असेल, तर हे घर तुम्ही पाहिलेलं असणार. दोन-अडीच फूट जाडीच्या दगड-मातीच्या भिंती, लाकडी खांब, त्यांवर तुळया, आणि सगळ्यांच्या डोक्यावर पांढऱ्या मातीचा जाड थर, म्हणजे माळवद. पुढे ढाळज, मध्ये चौक, आत माजघर. भिंतीत देवळ्या आहेत, कारण घर बांधलं तेव्हा उजेड द्यायचा तो तेलाच्या दिव्यानं. वीज पुढे कधीतरी आली आणि पाहुण्यासारखी भिंतीच्या वरून वरूनच राहिली. भिंतीवर लाकडी पट्टी ठोकायची, पट्टीवर पत्र्याच्या बारीक क्लिपा, आणि क्लिपांमध्ये रबराच्या आवरणाची वायर. काही घरांत लाकडाच्या खाचेत वायर घालून वर लाकडाचंच झाकण बसवत. काळी गोल बटणं, चिनी मातीचा फ्यूज. खोलीला एक बल्ब, बस्स.

साठ वॅटचा तो जुना बल्ब पाव अँपिअरच्या आसपास करंट घ्यायचा. मग रेडिओ आला. पंखा, टीव्ही, मिक्सर, फ्रिज, कूलर आले. पाणी तापवायचा रॉड आला, आणि तो एकटाच साडेसहा अँपिअर ओढतो, म्हणजे पंचवीस बल्बांइतका! वायर मात्र बऱ्याच घरांत तीच राहिली. दर वेळी कुणीतरी जुनी वायर सोलली, नवी तिला पिळून जोडली, वर काळी टेप गुंडाळली आणि काम भागवलं. जुन्या घरातले निम्मे बिघाड या टेपेखालीच सापडतात.

आता विजेचा पहिला नियम. खांबावरून घरात दोन तारा येतात. एक फेज, एक न्यूट्रल. फेजमध्ये 230 व्होल्टचा दाब असतो. वीज फेजनं येते, बल्बातून किंवा पंख्यातून जाते आणि न्यूट्रलनं परत जाते. फेरी पूर्ण झाली तरच काम होतं. कुठंही तुटलं तर सगळं ठप्प. (खरं तर ही वीज सेकंदाला शंभर वेळा आपली दिशा बदलते, पण सध्या ते बाजूला ठेवू.)

यात एक गंमत आहे आणि सगळा धोकाही तिथंच आहे. गावातल्या डीपीपाशी, म्हणजे ट्रान्सफॉर्मरपाशी, न्यूट्रलची तार मुद्दाम जमिनीत पुरलेली असते. म्हणजे विजेला परत डीपीकडे जायला दोन वाटा आहेत. एक न्यूट्रलची तार, आणि दुसरी चक्क आपल्या पायाखालची जमीन. एकाच तारेवर बसलेल्या कावळ्याला काही होत नाही, कारण त्याचा जमिनीशी संबंध नाही. तुम्ही शहाबादी फरशीवर अनवाणी उभे असता. तुमचा आहे.

आता चला त्या चावणाऱ्या भिंतीकडे.

माळवदाची पांढरी माती येते कुठून? जुन्या वस्तीच्या पांढरीतून. पांढर म्हणजे जिथं शेकडो वर्षं माणसं राहिली, चुली पेटल्या, गुरं बांधली, घरं पडली आणि पुन्हा उभी राहिली, ती जागा. तेरच्या पांढरीत तर सातवाहनांच्या काळातल्या वस्तू सापडतात. या मातीत पिढ्यान्‌पिढ्यांची राख, चुना, शेण असं काय काय मिसळलेलं असतं. ती चिकट असते आणि पाणी बऱ्यापैकी अडवते, म्हणून आपल्या पूर्वजांनी ती छतासाठी निवडली. पण राख आणि क्षार आले की आणखी एक गुण येतो. कोरडी असताना ही माती विजेला फारसं जाऊ देत नाही. ओली झाली की तिच्यातले क्षार पाण्यात विरघळतात आणि ते पाणी वीज वाहून न्यायला लागतं. अगदी शुद्ध पाण्यातून वीज फारच कमी वाहते, हे तुम्हाला ठाऊक आहे का? करामत सगळी त्यात विरघळलेल्या क्षारांची.

पण भिंतीत वीज शिरली कशी? वायरीचं जुनं रबर बघा. हवेतला ऑक्सिजन आणि उन्हाळ्यातली उष्णता यांनी ते वर्षानुवर्षं कडक होत जातं, त्याला चिरा पडतात आणि एक दिवस हात लावताच त्याचा भुगा होतो. काही ठिकाणी उंदरांनी हातभार लावलेला असतो. उंदराचे पुढचे दात आयुष्यभर वाढतच राहतात, म्हणून त्याला सतत काहीतरी कुरतडावंच लागतं. वायर त्याला आवडते असं नाही, ती आयती वाटेत सापडते. लाकडी पट्टीला वाळवी लागते, पट्टी सुटते, वायर लोंबते आणि भिंतीला टेकते. मार्च-एप्रिलमध्ये हे सगळं निमूट चाललेलं असतं. जूनमध्ये माळवदातून पाण्याची एक ओघळ उतरते, उघड्या तारेपाशी पोहोचते, आणि भिंतीचा तेवढा पट्टा फेजशी जोडला जातो. भिंतीवर एक हात, ओल्या फरशीवर दोन पाय. फेरी पूर्ण.

अशा वेळी आजी ओरडते, “भिंतीला हात लावू नका रे!” आजीचं म्हणणं शंभर टक्के बरोबर आहे. पण तेवढ्यावर थांबून चालत नाही. घरातल्या मोठ्या माणसानं कोरड्या हातानं, पायात चप्पल घालून मेन स्विच बंद करायचा, आणि वायरमन येईपर्यंत तो बंदच ठेवायचा. भिंत वाळली की करंट जातो हे खरं, पण उघडी तार तिथंच वाट बघत असते.

दुसरी तक्रार मला सगळ्यात जास्त आवडते, कारण तिनं भलेभले चकवले आहेत. पंखा फिरत नाही, आणि टेस्टर मात्र दोन्ही भोकांत पेटतो!

टेस्टरच्या पोटात असतो निऑन वायूचा एक इवलासा दिवा. निऑनचा शोध 1898 साली लंडनमध्ये रॅमसे आणि ट्रॅव्हर्स या शास्त्रज्ञांनी लावला, हवा थंड करून तिचा द्रव बनवला आणि त्यातून तो वेगळा काढला. या दिव्याला चिकटून एक जबरदस्त मोठा रोध असतो, साधारण दहा लाख ओहमचा. टेस्टरच्या मागच्या टोकाला वायरमन बोट लावतो तेव्हा वीज खरोखरच त्याच्या शरीरातून जमिनीत जाते! मग त्याला कळत का नाही? हिशोब करा. शाळेत शिकवणाऱ्या जॉर्ज ओहम यांनी 1827 साली जगाला सांगितलेला नियम वापरा. दाब भागिले रोध म्हणजे करंट. 230 भागिले दहा लाख. उत्तर येतं अँपिअरचा चार हजारावा भाग किंवा त्याहून थोडं कमी. इतकी वीज माणसाला जाणवत नाही, निऑनला मात्र पेटायला पुरते.

आता कोडं. एका भोकात फेज आहे, तिथं टेस्टर पेटणारच. दुसऱ्या भोकात न्यूट्रल आहे, तिथं तो पेटायला नको. का पेटला?

कारण न्यूट्रल मागे कुठंतरी तुटली आहे. त्याच खोलीत एका बल्बाचं बटण चालू राहिलंय. फेज त्या बल्बात शिरली, फिलॅमेंटमधून पलीकडे गेली आणि न्यूट्रलच्या तारेत उतरली. पुढे तार तुटलेली, त्यामुळे वीज जाणार कुठं? ती तिथंच तुंबली. म्हणजे तुटलेल्या जागेपासून अलीकडची सगळी न्यूट्रल आता फेजसारखीच 230 व्होल्टवर आहे. दोन्ही बाजूंना सारखाच दाब, मग पंखा फिरेल कसा? करंट डबल झालेला नाही. दोन टोकांमधला फरकच शून्य झालाय.

अनुभवी वायरमन अशा वेळी एक मजेदार गोष्ट करतो. खोलीतली सगळी बटणं बंद करतो, सगळे प्लग काढतो आणि पुन्हा टेस्टर लावतो. आता फेज न्यूट्रलमध्ये उतरायला कुठूनच वाट नाही. एक भोक लगेच अंधारतं. “न्यूट्रल गेलीय,” तो म्हणतो आणि स्टूल मागतो. एकही तार न उघडता त्यानं निदान केलेलं असतं.

हीच न्यूट्रल घराऐवजी बाहेर, खांबाकडे किंवा डीपीकडे तुटली तर प्रकरण गंभीर होतं. गावात तीन फेज असतात, घरं त्यांच्यावर वाटून दिलेली असतात आणि न्यूट्रल सगळ्यांची सामाईक. ती गेली की दोन फेजांवरची घरं एकमेकांना साखळीत जोडली जातात, आणि दोन फेजांमधला दाब असतो 400 व्होल्टच्या आसपास. एका घरात बल्ब पिवळा पडतो, दुसऱ्या घरात पांढराफटक पेटून उडतो आणि जाताना टीव्हीलाही घेऊन जातो. घरातले दिवे अचानक भलतेच लख्ख झाले तर खूश होऊ नका. मोठ्यांना हाक मारा, मेन स्विच बंद करायला सांगा.

माजघरातलं भूत फार वेळ घेणार नाही. जुन्या बल्बाला पेटायला पाव अँपिअर लागायचं, एलईडीला त्याच्या कितीतरी पट कमी पुरतं. जुन्या घरांत कधीकधी बटण चुकून फेजऐवजी न्यूट्रलवर लावलेलं असतं. बटण बंद केलं तरी फेज होल्डरपर्यंत ठाण मांडून बसलेली. तिथून ओलीतून, धुळीतून थोडीशी वीज झिरपते. शिवाय दोन वायरी शेजारी-शेजारी लांबवर गेल्या असतील तर एकीतून दुसरीत, मध्ये आवरण असूनही, जराशी वीज पोहोचते. जुना बल्ब असल्या चिल्लर विजेकडे बघायचाही नाही. एलईडी तेवढ्यात मिणमिणतो. पण लक्षात ठेवा, न्यूट्रलवरचं बटण बंद करून बल्ब बदलायला जाणाऱ्या माणसाला होल्डरमध्ये जिवंत फेज भेटते. भुतापेक्षा ते कितीतरी भयंकर.

मिक्सरच्या तक्रारीमागे बहुतेक वेळा सैल जोड असतो. नवरात्रात तुळजापूरला भवानीच्या दर्शनाला गेला असाल तर रस्त्यावरची मोकळी गर्दी दरवाजाशी आल्यावर कशी चेंगरते ते अनुभवलं असेल. तारेत तांब्याची मुबलक जागा असते, पण सैल पिळलेल्या जोडात दोन तारा एकमेकींना दोन-चार टिंबांपुरत्याच चिकटलेल्या असतात. बल्बाच्या थोड्याशा विजेला तेवढी वाट चालते. मिक्सर सुरू झाला की सगळा लोंढा त्या टिंबांतून घुसतो, तिथं दाब खर्ची पडतो आणि पुढच्या बल्बांना कमी मिळतो. खर्ची पडलेल्या दाबाची होते उष्णता. करंट दुप्पट झाला की ही उष्णता दुप्पट होत नाही, चौपट होते! मग तांबं काळवंडतं, काळवंडल्यानं वाट आणखी अरुंद होते, आणि उष्णता आणखी वाढते. म्हणून वायरमन बोर्डापाशी आधी वास घेतो. बटण भाजल्याचा उग्र, काहीसा माशासारखा वास आला, बोर्ड कोमट लागला किंवा आतून चरचर ऐकू आली, की टेस्टर काढायच्या आधीच त्याला गुन्हेगार सापडतो. कधीकधी बोर्ड उघडल्यावर आत मुंग्यांचं अख्खं गाव किंवा भाजलेली पाल निघते, ते वेगळं.

अशा जोडामुळे आग लागू नये म्हणून फ्यूज असतो, असं तुम्ही म्हणाल. थांबा. सैल जोडात करंट वाढतच नाही, त्यामुळे फ्यूजला तो कळतही नाही. फ्यूजची बारीक तार फक्त एक गोष्ट ओळखते, गरजेपेक्षा जास्त करंट. तो आला की ती स्वतः वितळते आणि भिंतीतली वायर वाचवते. आणि आपण काय करतो? “सारखा फ्यूज उडतोय” म्हणून त्यात जाड तार घालतो! मग वितळायची पाळी भिंतीतल्या वायरीवर येते, लाकडाच्या पट्टीवर, लाकडी तुळईखाली. माझ्या मते जुन्या घरातलं हे सर्वांत मोठं पाप आहे, आणि ते बहुतेक वेळा घरातला सर्वांत शहाणा समजला जाणारा माणूस करतो.

फ्यूज लावला की लगेच उडत असेल तर कुठंतरी फेज आणि न्यूट्रल थेट भिडल्या आहेत. शोधायचं कसं? दर वेळी फ्यूज घालून स्फोट करत बसायचं? वायरमनकडे यासाठी एक झकास साधन असतं: फ्यूजच्या जागी तो जोडतो शंभर वॅटचा जुना पिवळा बल्ब. आता घरात कितीही मोठं शॉर्टसर्किट असो, या बल्बातून अर्ध्या अँपिअरपेक्षा कमीच वीज जाणार. शॉर्ट असेल तर बल्ब पूर्ण उजेडानं पेटतो. मग घरातल्या वायरी अर्ध्या-अर्ध्या सोडवायच्या. चौकाच्या डावीकडच्या खोल्या तोडल्या, बल्ब पेटलेलाच? मग दोष उजवीकडे. उजवीकडच्या निम्म्या तोडल्या, बल्ब विझला? मग तोडलेल्यातच आहे. सोळा जागा संशयित असल्या तरी चार पायऱ्यांत एकच उरते. सोळा, आठ, चार, दोन, एक. बत्तीस असत्या तर किती पायऱ्या लागल्या असत्या, ते तुम्ही काढा.

उन्हाळ्यात पाऊस नसतो, तरी वायरमनला फुरसत नसते. तेव्हा कूलरची पाळी. पत्र्याचा कूलर, आत पाणी, पाण्यात पंप, आणि बाहेर ओल्या जमिनीवर खेळणारी मुलं. पंपाच्या वायरीचं आवरण गेलं की सगळा पत्रा फेजवर येतो. यावर उपाय म्हणजे अर्थिंग, तीन पिनांच्या प्लगमधली ती जाड, लांब पिन. ती लांब का? प्लग खोचताना ती सर्वांत आधी जोडली जावी आणि काढताना सर्वांत शेवटी सुटावी म्हणून. पत्र्यावर आलेली वीज तिच्यातून सरळ जमिनीत जाते.

जुन्या घरांत गोम अशी, की तिथं दोनच तारा असतात, तिसरी नसतेच. काही ठिकाणी पूर्वी अर्थिंगची तार नळाच्या लोखंडी पाइपला बांधलेली असायची. पुढे घराला प्लॅस्टिकचे पाइप बसले. नळाला पाणी आलं, अर्थिंग मात्र गेलं, आणि कुणाच्या लक्षातही आलं नाही! आणखी एक आपल्या भागातली अडचण. अर्थिंगचा खड्डा मीठ आणि कोळसा घालून भरतात, कारण ओली, खारट माती वीज चांगली नेते. पण धाराशिवचा उन्हाळा म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको. काळी माती भेगाळते, खड्डा खडखडीत वाळतो, आणि नेमके कूलर चालू असतात तेव्हाच अर्थिंग कुचकामी ठरतं. म्हणून मार्चपासून त्या खड्ड्यात अधूनमधून बादलीभर पाणी ओतायचं असतं. टंचाईत ते जिवावर येतं, पण भांडी विसळलेलं पाणीही चालतं.

या सगळ्यावर एक राखणदार आता मिळतो. अमेरिकेतल्या बर्कले इथले प्राध्यापक चार्ल्स डॅलझिएल यांनी स्वयंसेवकांवर काळजीपूर्वक प्रयोग करून पाहिलं, की किती करंट लागला की माणसाला तार सोडताच येत नाही. उत्तर निघालं साधारण 10 ते 16 मिलिअँपिअर, म्हणजे साठ वॅटच्या बल्बाला लागणाऱ्या विजेच्या पंधराव्या भागापेक्षाही कमी! ओल्या शरीराचा रोध हजार ओहमपर्यंत उतरू शकतो. ओहमच्या नियमानं त्यातून किती करंट जाईल ते बघा आणि घाबरा. डॅलझिएल यांनी 1961 मध्ये एक यंत्र बनवलं, त्याच जातीचं आपल्याकडचं यंत्र म्हणजे आरसीसीबी. घरात फेजमधून किती वीज आली आणि न्यूट्रलमधून किती परतली, याचा ते सतत ताळा करतं. 30 मिलिअँपिअरचा फरक पडला, म्हणजे तेवढी वीज भिंतीतून किंवा माणसातून जमिनीत चालली आहे, की अर्ध्या सेकंदाच्या आत सगळं बंद.

जुन्या घरात आरसीसीबी बसवला की पहिल्याच पावसात तो पुन्हा पुन्हा पडतो. मग कुणीतरी म्हणतं, “हा खराबच निघाला, काढून टाका.” अजिबात काढू देऊ नका! तो खरं सांगतोय. भिंत चावतीय हे तुमच्या हाताच्या आधी त्याला कळलंय.

हे फक्त वाड्यांचं दुखणं आहे असंही समजू नका. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आपल्या धाराशिव, जिल्ह्यात भूकंप झाला. दगड-मातीची जड घरं कोसळून हजारो माणसं गेली. सास्तूर आणि आसपासच्या गावांत त्यानंतर नवी घरं उभी राहिली. ती नवी घरं आता तिशीची झाली आहेत. रबराऐवजी प्लॅस्टिकचं आवरण असलेल्या वायरीही उष्णतेनं हळूहळू कडक होतात, आणि तीस वर्षांपूर्वी त्या घरांत कुणी कूलर, फ्रिज आणि रॉड एकदम चालवण्याचा विचार केलेला नव्हता.

तेव्हा या सुट्टीत एक काम करा. कशालाही हात न लावता, फक्त डोळ्यांनी आणि नाकानं घर तपासा. किती बोर्डांत तीन भोकांचे सॉकेट आहेत? कुठला बोर्ड काळवंडलाय? ओल उतरते त्या भिंतीवरून वायर गेलीय का? फ्यूजमध्ये कुठली तार घातलीय, ते मोठ्यांना विचारा. वहीत घराचा नकाशा काढून त्यावर खुणा करा आणि तो वायरमनच्या हातात द्या. त्याचा अर्धा दिवस वाचेल. कुणी विजेला चिकटलेलं दिसलं तर त्याला हात लावू नका. आरडाओरडा करून मोठ्यांना बोलवा, मेन स्विच बंद करायला सांगा आणि 108 ला फोन लावा. खांबावरची किंवा डीपीकडची तक्रार असेल तर महावितरणचा क्रमांक 1912.